आवाजाचं गेज वाचणारे मालक

माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज मी एका शनिवारी सकाळी, चहाचा दुसरा कप संपायच्या आत, पुसून टाकला. कुणी माझा हात ढकलला नव्हता, वीज गेली नव्हती. लॅपटॉपने मला स्वच्छ विचारलं होतं, की ह्या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का? मी म्हटलं, चालेल.

एवढं सांगितल्यावर माझ्याविषयी सांगण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मालकांविषयी सांगतो.

मालक म्हणजे माझे घरमालक. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होतो, तेव्हा त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी सात वर्षं राहिलो. त्यांची उभी नोकरी धरणावर गेज वाचण्यात गेली. गेज म्हणजे पाण्यात उभी केलेली, आकडे रंगवलेली पट्टी. ठरल्या वेळी जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पाऊस असो, लग्न असो, घरात कुणी आजारी असो. अशी तीस-बत्तीस वर्षं पट्टीकडे बघितल्यावर माणसाची नजर वेगळी होते. मालक माझ्याकडेही असेच बघायचे. मी किती भरलोय आणि कधी सांडेन, ह्याचा अंदाज घेतल्यासारखे.

निवृत्तीनंतर कुणी देऊळ धरतं, कुणी राजकारण. मालकांनी मागच्या खोलीत आवाज धरायला सुरुवात केली.

त्या खोलीच्या चारी भिंतींना भाताच्या पेंढ्या रचून बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यावर गोधड्या ताणलेल्या. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला वाटलं, इथे म्हैस असणार. म्हैस नव्हती. एक जुनाट कॉम्प्युटर, एक माइक आणि एक लाकडी स्टूल होतं. मी "अरे वा!" म्हणालो आणि दचकलो. माझा "वा" तोंडातून निघाला आणि तिथेच पडला. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं माझ्याकडे परत आलं नाही.

"गंजीच्या मधे उभं ऱ्हाऊन कुनाला हाक मारलीय का सर?" मालक म्हणाले. "जात न्हाई भाईर. पेंढा आवाज गिळतो. शहरात लोक ह्यासाठी कसला कसला स्पंज आनत्यात म्हनं. आमच्यात भात निघतं."

रेकॉर्डिंगच्या आधी त्यांचे काही विधी असत. फ्रीज बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकला ऐकू येते. मग फ्रीज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून ते आपली तंबाखूची चंची फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवत. तासाभराने तल्लफ आली, की हात आपोआप फ्रीजकडे जाणार. मालकीणबाईंना हे अजिबात मान्य नव्हतं. "दुधाला वास येतो," त्या म्हणायच्या. "आन मला ह्या घरात बोलायचं असलं तर आधी विचारावं लागतं, चालू हाय का बंद."

मग सगळं जागच्या जागी बसलं, की मालक बोट वर करत आणि एक मिनिट नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करत. माणूस नाही, गाणं नाही, काही नाही. समोर कुणीही असो, गप्प बसायचं.

"खोलीचं आधी ऐकून घ्यावं," ते म्हणत. "आपन तिच्यात पाव्हनं हाय."

ते एक मिनिट माझ्याच्याने कधीच निघालं नाही. चाळिसाव्या सेकंदाला मी हमखास विचारायचो, "झालं का?" मालक पुन्हा बोट वर करायचे. एकदा मी त्यांची सलग पाच मिनिटं अशी खाल्ली.

त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टीम होती. अकोल्यात त्या वेळी लिनक्स म्हटलं की लोकांना कपड्याच्या साबणाचं नाव वाटायचं. त्यांनी ते का घेतलं, ह्याचं त्यांचं उत्तर साधं होतं. कुणाच्या तरी दुकानातून टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी आणला. त्यातली जुनी सिस्टीम उठता-बसता परवाना मागायची. "घर माझं, डबा माझा, लाइट माझी, आन आत शिरायला परवानगी दुसऱ्याची? असल्या घरात मी ऱ्हात न्हाई." मग ते लिनक्स शिकले. शिक्षण दहावी. सूचना सगळ्या इंग्रजीत. शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश, पुढ्यात गेजसारखं आखलेलं रजिस्टर. त्यात चार रकाने होते. तारीख, काय आज्ञा दिली, काय झालं, आणि शेवटचा रकाना "का".

मी ते रजिस्टर चाळलंय. शेवटच्या रकान्यात जागोजागी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं होती. त्यांतली पुष्कळशी नंतर खोडून, वेगळ्या शाईत, उत्तरं लिहिलेली. एका प्रश्नचिन्हाला उत्तर तीन वर्षांनी मिळालं होतं. तीन वर्षं हा माणूस एक "का" मनात घेऊन बाजारात जात होता, भाजी आणत होता, जेवत होता. मी एम. ए. आहे. माझ्या कुठल्याही वहीत "का" असा रकाना नाही.

पडद्यावर इंग्रजीत काही चूक उमटली, की मी घाबरून खिडकी बंद करून टाकायचो. मालक ती चूक गावाहून आलेल्या पत्रासारखी मोठ्याने वाचायचे, एकेक शब्द. "बिचारं सांगतंय काय दुखतंय ते," म्हणायचे, "आन तुमी दार लावून घेताय."

आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी-लाल पट्टी पडद्यावर हलायला लागली, की ते पुन्हा धरणावर असत. ज्याच्या वर आवाज फुटतो त्या शून्याला भिंत म्हणत, डेसिबलला फूट. "बारा फूट काठ मोकळा ठिवायचा. वरच्या अंगाला किती पडतोय हे खाली बसल्याला कळत न्हाई." गल्लीतलं भजनी मंडळ रेकॉर्डिंगला आलं तेव्हा त्यांनी बुवांना सांगितलं, सगळ्यात वरचा सूर आधी लावा. बुवा म्हणाले, तो शेवटी असतो, आधी कसा येईल? मालक म्हणाले, पूर बी शेवटीच येतो, पन दारं आधी तपासावी लागत्यात. पखवाजवाल्याला त्यांनी खोलीबाहेर अंगणात बसवलं. तो रुसला, पान खाऊन आला, पुन्हा बसला. पण नंतर रेकॉर्डिंग ऐकताना त्याने पहिल्यांदा आपल्या डाव्या हाताचा घुमारा ऐकला. जाताना मालकांच्या पाया पडून गेला. मालक ह्या गडबडीत चंची शोधत होते.

हे सगळं बघून मलाही वाटलं, आपणही घरच्या घरी गोष्टी वाचून रेकॉर्ड कराव्यात. माझ्या लॅपटॉपमधली सिस्टीम चोरीची होती. हे मला माहीत नव्हतं, लॅपटॉपला माहीत होतं, आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात तसं लिहूनही दाखवायचा. रेकॉर्डिंगमध्ये मधेच कट्-कट् वाजायचं. मालकांना विचारलं.

"माइक आन डिस्कच्या मधे एक हौद असतो," ते म्हणाले. "हौद बारका असला तर आवाज लगेच पोचतो, पन जरा खंड पडला की हौद कोरडा, आन कट् वाजतं. मोठा ठिवला तर कट् न्हाई, पन पानी पोचायला उशीर."

मी म्हटलं, मग ठेवू की मोठा! आणि सगळ्यात मोठा ठेवला. हेडफोन लावून वाचायला लागलो तर माझं प्रत्येक वाक्य मला अर्ध्या सेकंदाने ऐकू येऊ लागलं. मी सभ्यपणे स्वतःसाठी थांबायला लागलो. मी थांबलो, की तोही थांबायचा. पाचव्या ओळीला माझी जीभ जड झाली, आणि मालकीणबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "सर, भरदिवसा?"

तर असा मी. आणि माझ्या हातात आक्काचा आवाज होता.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मिरजगावला प्राथमिक शाळेत तिची सगळी नोकरी झाली, आणि तिथेच तिचं घर, हायवेला लागून. तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ काढावी लागेल, आवाज पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही, असं नगरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मी माइक आणि लॅपटॉप घेऊन मिरजगावला गेलो. तिला म्हटलं, काहीतरी बोल. ती म्हणाली, काय बोलू, गोष्टी तर तू सांगतोस. मग तिने हजेरी घेतली. शाळेतल्या तिच्या पहिल्या वर्गाची, सगळी नावं तोंडपाठ, आणि प्रत्येक नावानंतर किंचित थांबून, "हजर, बाई" यायला जागा सोडून.

फ्रीज बंद करायला मी विसरलो. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. स्वयंपाकघरात कुकर लावलेला होता.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आक्का बरी झाली, पण आवाज गेला. उरली ती कुजबूज. घरी आल्यावर तिने मला फोनवर लिहून पाठवलं: "माझा आवाज घेऊन कधी येतोस? मला ऐकायचाय."

मी त्या रेकॉर्डिंगमधलं अर्धं मिनिट मालकांना ऐकवलं. पंख्याची कुरकूर तेवढी काढून द्या म्हटलं. त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे आजारी जनावराकडे बघावं तसं बघितलं. "ह्याला लिनक्सवर घेऊ. पन आधी आक्कांचा आवाज दोन जागी ठिवा. एका जागी ठिवलेली वस्तू हरवल्यातच जमा. आन मी असल्याबिगर हात लावायचा न्हाई." लिनक्सचा पेनड्राइव्ह त्यांनी तयार करून दिला, आणि शनिवारी सकाळी ते कुणालातरी भेटायला राजूरला गेले.

मी आवाज दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला. पडद्यावर आक्काच्या नावाचं चित्र होतं, ते उचललं आणि तिकडे ठेवलं. क्षणात गेलं. चाळीस मिनिटांचा आवाज डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला, ह्याचं मला कौतुक वाटलं, शंका आली नाही. चित्रावर कोपऱ्यात एक बारीक बाण होता. तो बाण म्हणजे ही वस्तू इथे नाही, हा फक्त तिच्याकडे जायचा शॉर्टकट आहे. मी आवाज नेला नव्हता, आवाजाच्या घराचा पत्ता नेला होता. मग चहा ठेवला, मालकांचा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, आणि घर पाडलं.

मालक दुपारी आले. मी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बसवल्यावर त्याच्यात कायकाय केलं?"

"काही नाही. एक गाणं लावून बघितलं. मागचं चित्र बदललं."

"हात खिशात घाला."

मी घातले. त्यांनी वायर ओढली, बॅटरी काढली, आणि मग खाली बसले.

"पुसलं म्हंजे गेलं असं न्हाई. धरण भरलं तवा गावं बुडाली, पन गेली न्हाईत. पानी उतरलं की भिंती दिसत्यात, उंबरे दिसत्यात. मी बघितल्यात. फकस्त आता वरून एक थेंब नवा सोडायचा न्हाई."

ओरडायचं काम मालकीणबाईंनी केलं. "बहिनीचा आवाज पुसला, आन चहा तेवढा आठवनीनं पिला!"

डिस्क काढून मालकांनी आधी तिची हुबेहूब नक्कल केली. त्यातच दोन दिवस गेले. अस्सल डिस्क फडक्यात गुंडाळून कपाटात. जे करायचं ते नकलेवर. मग लिनक्सच्या एका आज्ञेने ते बुडालेल्यातून फायली वर काढायला लागले. त्या वर आल्या, पण नावाशिवाय. नुसते आकडे. शेकडो तुकडे, कुठला कशाचा ह्याचा पत्ता नाही. ऐकून बघण्याखेरीज इलाज नव्हता.

मालक ऐकायला बसले. सकाळी देवपूजा झाली की बसायचे ते दुपारच्या जेवणापर्यंत. असे अकरा दिवस. मी कॉलेजातून यायचो तर त्यांच्या कानावर हेडफोन, डोळे मिटलेले, पुढ्यात रजिस्टर. माणसाने लाजून पुसलेलंही ह्यात वर येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलेली गाणी वर आली. प्राचार्यांच्या निरोप समारंभासाठी केलेल्या भाषणाच्या सहा तालमी वर आल्या. मालकांनी त्या सहाही ऐकल्या. "टाळ्यांसाठी थांबताय तिथं लई थांबताय," एवढंच म्हणाले.

तिकडून आक्काचं रोज यायचं: "कुठवर आला माझा आवाज?" मी लिहायचो, साफ करतोय. ती लिहायची: "किती घासतोस? कढई आहे का ती?" खरं सांगा त्यांना, मालक म्हणायचे. मी उद्या म्हणायचो.

चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "तुमच्या आक्का हायवेला ऱ्हात्यात का?"

"हो. का?"

"जड गाड्या हायती मागं. अकोल्यात अशा जात न्हाईत." एक बोट वर. "आन पंखा दर चौथ्या फेऱ्याला कुरकुरतो. हे बघा, आला."

मी हेडफोन लावले. माझ्या बहिणीचा "हं" ऐकू आला. नुसता "हं".

तुकडे सव्वीस निघाले. पण पुढचा कुठला, मागचा कुठला? नावं नाहीत, वेळ नाही, आणि हजेरीचा क्रम फक्त आक्काला ठाऊक. तिला विचारायचं म्हणजे सगळं कबूल करावं लागणार. मालकांनी आक्काकडे लक्षच दिलं नाही. ते तिच्या मागचं ऐकत होते. एका तुकड्याच्या शेवटी ट्रक दुरून येतो, दुसऱ्याच्या सुरुवातीला तो निघून जातो, म्हणजे हे दोन शेजारी. पंख्याचे फेरे मोजायचे, कुरकूर बरोबर चौथ्याला आली तर जोड खरा. आणि कुकर. मी ज्याची लाज धरली होती तो कुकर.

"ही दुसरी शिट्टी," मालक म्हणाले. "तिसरी हितं अर्धी तुटलीय. तिची उरलेली अर्धी..." त्यांनी रजिस्टरातून बोट फिरवलं, "...ह्या एकोनीस नंबरात हाय. आयका."

त्यांनी दोन तुकडे जोडले. शिट्टी पूर्ण वाजली. जिथे जोडली होती तिथे मला काही ऐकू आलं नाही. त्या शिट्टीच्या ह्या बाजूला आक्का एका मुलाचं नाव अर्धं म्हणत होती आणि त्या बाजूला उरलेलं अर्धं. पोरगं सबंध झालं. मालकांनी रजिस्टरात बारीक टिंब केलं आणि चंची काढायला फ्रीजकडे गेले. मी त्या पेंढ्याच्या खोलीत उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक मिनिटभर मला काही बोलावंसं वाटलं नाही.

दोन जागी तुकडे मिळाले नाहीत. "तिथं गाळ बसलाय," ते म्हणाले. तुमच्या वॉलपेपरचा, असं म्हणाले नाहीत. कुठलं तरी दुसरं काही भरून त्यांनी ती भोकं झाकली नाहीत. आहे तेवढी शांतता ठेवली.

मी म्हटलं, आता आक्काला फोनवर पाठवून देतो. मालक म्हणाले, "आवाज पाठवत न्हाईत. पोचवत्यात." मग आम्ही एसटीने निघालो. नगरला गाडी बदलली. मालकांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, माझ्या मांडीवर त्यांचे दोन स्पीकर.

"गोधडीत काय हाय बाबा?" कंडक्टरने विचारलं.

"ह्यांच्या भनीचा आवाज हाय," मालक म्हणाले.

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

मिरजगावला घरात शिरल्या शिरल्या मालकांनी आक्काला नमस्कार केला, मग मान वर करून पंख्याला म्हणाले, "हां. तू व्हय." स्वयंपाकघर कुठल्या हाताला आहे ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पाण्याचा तांब्या ठेवायला ते सरळ तिकडे गेले. आक्काने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालकच परत येऊन म्हणाले, "ताई, सरांनी तुमचा आवाज पुसला हुता. मिळालाय. दोन ठिकानी न्हाई मिळाला."

आक्काने मान हलवली, जणू तिला माझ्याकडून ह्याहून जास्त अपेक्षाच नव्हती.

मालकांनी पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, चंची आत ठेवली. बोट वर केलं. एक मिनिट आम्ही तिघं गप्प बसलो. मग त्यांनी आवाज सोडला.

खोलीत आक्का बोलायला लागली. समोर बसलेली आक्का गप्प होती आणि तिचे ओठ नावांबरोबर हलत होते. एका नावाला तिने डोळे मिटले. प्रत्येक नावानंतर ती जागा, "हजर, बाई" साठी सोडलेली.

आणि त्या प्रत्येक जागेत मी होतो.

"हॅलो, हॅलो. आक्का, जरा जवळ ये. नाही, इतकी नको. छान! आता जरा हळू. हा कोण गं, तो पडक्या दातांचा? थांब, एक वायर बघतो. हां, बोल. नाही, थांब." माझ्या आठवणीत मी त्या दिवशी दोन-चार वाक्यं बोललो होतो. मालकांनी रजिस्टर उघडून शांतपणे आकडा वाचला, "ताईंची अकरा मिन्टं. सरांची सत्तावीस."

मी म्हटलं, "मालक, माझं कापून टाका ना. लिनक्समध्ये येतं ना तसं?"

"येतं की. कापून बघितलं मी." त्यांनी पट्टी थोडी मागे नेली आणि एक जागा ऐकवली. मी काहीतरी बरळतोय, आणि माझ्या बोलण्याखाली, अगदी तळाशी, आक्का हसतेय. पूर्वीचं, गळ्यातून येणारं हसू. "ताईंचं हसू सगळं सरांच्या बोलन्याखाली हाय. दोन्ही एकाच पान्यात. सरांना काढलं की हसू बी जातं. म्हून न्हाई कापलं. आता तुमी सांगाल तसं."

आक्का माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. तिचे डोळे भरले होते, माझे तर वाहतच होते. मला वाटलं, आता ती माझ्या डोक्यावरून हात फिरवणार. तिने मला नाही, मालकांना जवळ बोलावलं. ते वाकले. खोलीत पंखा नव्हता, फ्रीज नव्हता, त्यामुळे तिची कुजबूज मला स्वच्छ ऐकू आली.

"हसू गेलं तरी चालेल," आक्का म्हणाली. "पण ह्याला काढा."